‘कासाब्लांका’तले खरे निर्वासित

हॉलिवूडच्या सुवर्णकाळातले कितीतरी गाजलेले प्रेमपट आज शेवटपर्यंत बघवत नाहीत. मायकेल कर्टिझ यांचा ‘कासाब्लांका’ मात्र आजही खिळवून ठेवतो. रंगमंचावर कधीच न आलेल्या एका नाटकावरून बेतलेला हा कृष्णधवल चित्रपट नोव्हेंबर १९४२मध्ये न्यूयॉर्कला झळकला. चित्रीकरण सुरू झाले तरी पटकथा पुरी झाली नव्हती. नायिका इल्सा शेवटी नवऱ्याबरोबर जाणार की जुना प्रियकर रिकबरोबर, हे ती भूमिका करणाऱ्या इन्ग्रिड बर्गमनलाही बराच काळ ठाऊक नव्हते. तिच्या डोळ्यांतली घालमेल इतकी अस्सल वाटते, ती बहुधा त्यामुळेच.

पण माझ्या मते या चित्रपटाचे खरे बळ नायक-नायिकेच्या मागे बसलेल्या गर्दीत आहे. कथेतले नाझींपासून पळून कासाब्लांकात अडकलेले निर्वासित लिस्बनमार्गे अमेरिका गाठण्यासाठी व्हिसा मिळवायला धडपडतात, आणि पडद्यावरच्या अनेकांनी ते प्रत्यक्ष भोगले होते. नाझी मेजर साकारणारे कॉनराड फाइट स्वतः ज्यू पत्नीसह १९३३मध्ये जर्मनी सोडून आले होते. जुगाराच्या टेबलावरचे मार्सेल दालिओ आणि इव्होनची भूमिका करणारी मादलेन लबो हे नवराबायको १९४०मध्ये पॅरिसमधून पळाले, लिस्बनला पोहोचले, पण हाती आलेले चिलीचे व्हिसा बनावट निघाले आणि मेक्सिकोत अडकून पडायची वेळ आली. रिकच्या कॅफेत जर्मन अधिकारी आपले गाणे सुरू करतात, तेव्हा इल्साचा नवरा लाझ्लो वाद्यवृंदाला फ्रान्सचे राष्ट्रगीत वाजवायला सांगतो. हळूहळू सारा कॅफे उभा राहून गातो, जर्मनांचा आवाज बुडतो. कॅमेरा लबोच्या चेहऱ्याजवळ जातो. गालांवरून आसवे ओघळताहेत आणि ती गातेच आहे. तेव्हा ती जेमतेम १९ वर्षांची होती आणि तिचा देश जर्मनांच्या टाचेखाली होता. हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी घसा दाटून येतो.

काही गोष्टी मात्र आज खटकतात. मोरोक्कोत घडणाऱ्या या कथेत मोरोक्कन माणसे जवळजवळ मुकीच आहेत. निर्णय दोघांच्या वतीने तूच घे, असे इल्सा रिकला सांगते, तेही आज पटत नाही. सर्वांत बोचते ते तिने कॅफेतला पियानोवादक सॅम याचा ‘पोऱ्या’ म्हणून केलेला उल्लेख. तो चांगला प्रौढ, कृष्णवर्णीय कलावंत आहे. ती भूमिका करणारे डूली विल्सन खरे तर ड्रमवादक. पडद्यामागे पियानो दुसऱ्याने वाजवला, पण गळा विल्सन यांचाच, आणि रिक-इल्साच्या प्रेमाची सारी हुरहुर त्या गळ्यातूनच आपल्यापर्यंत पोहोचते.