खोल झुरका, जुनाट खोकला

गांजाची चिलीम ओढणाऱ्यांची एक रीत असते. बुडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची, दोन्ही हातांत चिलीम धरून छाती भरेल असा झुरका घ्यायचा आणि धूर जमेल तितका आत कोंडायचा. छापीने धूर गाळला जातो, हा पक्का समज. प्रत्यक्षात राखेचे कण अडतात, धूर जरा गार होतो. कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू सरळ आत जातात.

खरा घात या कोंडण्यात आहे. लॉस एंजेलिसच्या डॉ. डोनाल्ड टॅश्किन यांच्या चमूने १९८८ साली गांजा आणि सिगारेट दोन्ही ओढणाऱ्यांचे झुरके मोजले. गांजाचा झुरका सुमारे दोन तृतीयांशाने मोठा निघाला, धूर रोखण्याचा वेळ चौपट. त्यामुळे आत ओढलेले डांबर तिप्पट आणि रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची वाढ जवळपास पाचपट. ‘दिवसाला दोनच तर ओढतो’ हा हिशेब इथे फसतो.

श्वासनलिकांच्या अस्तरावरचे केसांसारखे बारीक तंतू कफ वर ढकलत असतात. रोजच्या धुराने अस्तर सुजते, तंतू झडतात आणि कफ साचू लागतो. मग सकाळचा खोकला, बेडके, छातीत घरघर, म्हणजेच जुनाट ब्राँकायटिस. गांजाने श्वासनलिका थोडा वेळ रुंदावतात, म्हणून ओढणाऱ्याला उलट मोकळे वाटते आणि दुखणे मागे पडते. अतिरेकाने ब्राँकायटिस होऊ शकतो, हे इंग्रज सरकारच्या १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगानेही नोंदवले होते.

कर्करोगाचे काय? टॅश्किन यांना संबंध सापडेल असे वाटत होते. २००६ च्या त्यांच्या मोठ्या पाहणीत तो दिसला नाही. पण यावर निर्धास्त होऊ नये. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मळून ओढतात, आणि तंबाखूबद्दल शंकेला जागाच नाही.

दिलासाही आहे. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा आजवर पाठपुरावा झाला. त्यांतल्या ज्यांनी गांजा सोडला, त्यांचा खोकला आणि कफ न ओढणाऱ्यांइतकाच खाली आला. तेव्हा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना ‘सिगारेट ओढत नाही’ एवढेच सांगून थांबू नका. चिलमीचेही सांगा, उपचार त्यावरच ठरतात.