अल्पमोली गिटार-प्रवर्धकावर रॉक संगीतातील बासवादन : एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्नेहसंमेलने आणि विद्यापीठांचे युवक महोत्सव यांमुळे पाश्चात्त्य वाद्यवृंद आपल्या प्रांगणात आता परका राहिलेला नाही. नागपूरसारख्या शहरात विद्यार्थ्यांचा रॉक वाद्यवृंद उभा राहतो, तेव्हा गिटार आणि तिचा लहानसा प्रवर्धक यांची सोय आधी होते. बास गिटारचा स्वतंत्र प्रवर्धक मात्र महाग आणि अवजड असल्यामुळे बहुधा राहूनच जातो. मग बासवादक विद्यार्थी आपले वाद्य गिटारच्याच प्रवर्धकाला जोडतो. असे केल्याने प्रवर्धक बिघडेल म्हणून त्यास मनाई करावी, की काही मर्यादा घालून संमती द्यावी, हा प्रश्न सांस्कृतिक विभागाच्या प्रभारी प्राध्यापकांपुढे येतो. प्रस्तुत लेखात विशेषतः व्हॉल्व्हवर चालणाऱ्या स्वस्त गिटार-प्रवर्धकांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत तांबूस उजळणारी, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ट्रायोडच्या रूपाने अनेकांनी हाताळलेली निर्वात नलिका होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गिटार आणि बास यांच्या प्रवर्धकांतील सीमारेषा प्रारंभापासूनच पुसट आहे. अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बास हे वाद्य आणि १९५२ मध्ये त्यासाठी बासमन हा व्हॉल्व्ह-प्रवर्धक बाजारात आणला. पुढे या प्रवर्धकात दहा इंची चार स्पीकर बसविण्यात आले आणि गिटारवादकांनीच तो आपलासा केला. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२-६३ च्या सुमारास तयार झालेला जेटीएम ४५ हा प्रवर्धक याच बासमनच्या मंडलावर आधारलेला होता. म्हणजे रॉक गिटारचा म्हणून जो नाद जगभर ओळखला जातो, त्याचे मूळ बासच्या प्रवर्धकात आहे.

रंगमंच मोठे झाले, तशी बासची गरज वेगळी पडत गेली. अँपेग कंपनीने १९६९ मध्ये आणलेला एसव्हीटी हा ३०० वॅटचा व्हॉल्व्ह-प्रवर्धक दहा इंची आठ स्पीकरांच्या पेट्यांसह वाजविला जाई. याउलट आजचे अल्पमोली व्हॉल्व्ह-प्रवर्धक ५ ते १५ वॅटचे असतात. एपिफोन व्हॉल्व्ह ज्युनियर ५ वॅटचा होता, तर फेंडर ब्लूज ज्युनियर १५ वॅटचा आहे. १५ आणि ३०० वॅट यांत वीसपट अंतर असले, तरी ध्वनिपातळीच्या मापात ते सुमारे १३ डेसिबल भरते. हे अंतर लक्षणीय असले, तरी खरी अडचण केवळ वॅटची नाही.

मर्यादेची भौतिक कारणे

गिटारच्या सर्वांत जाड तारेची वारंवारता ८२.४ हर्ट्झ, तर चार तारांच्या बासची ४१.२ हर्ट्झ, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली असते. या एका सप्तकाचा भार तीन ठिकाणी पडतो.

पहिले ठिकाण स्पीकरचे. तेवढाच ध्वनी निम्म्या वारंवारतेवर उत्पन्न करण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला पुढेमागे चौपट अंतर हलावे लागते. गिटारच्या स्पीकरचा पडदा हलका व अल्प हालचालीसाठी घडविलेला असतो. अनेक बारा इंची गिटार-स्पीकरांची स्वाभाविक वारंवारता ७५ हर्ट्झच्या आसपास असते. मर्यादेपलीकडे ढकलल्यास पडदा फाटतो किंवा त्यामागील तारेचे वेटोळे घासून निकामी होते.

दुसरे ठिकाण पेटीचे. लहान गिटार-प्रवर्धकाची पेटी पाठीमागून उघडी असते. पडद्याच्या पुढील व मागील बाजूंच्या ध्वनिलहरी परस्परविरुद्ध असल्याने खर्जातील लहरी मोठ्या प्रमाणात एकमेकींना पुसून टाकतात.

तिसरे ठिकाण व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या निर्गम ट्रान्सफॉर्मरचे. त्याच्या लोखंडी गाभ्यातील चुंबकीय प्रवाह विद्युतदाबाच्या सम प्रमाणात आणि वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला दुप्पट चुंबकीय प्रवाह लागतो. स्वस्त प्रवर्धकात लोखंडाची काटकसर प्रथम येथेच होते. त्यामुळे लहान गाभा लवकर संपृक्त होतो आणि स्वर जाडसर न होता विस्कटतो.

या तिन्ही कारणांत व्हॉल्व्हचा दोष कोठेही नाही, हे ध्यानात घ्यावे. व्हॉल्व्हला खर्ज वर्ज्य नाही. तो पेलत नाही तो लोखंडाला, कागदी पडद्याला आणि लाकडी पेटीला.

अंशस्वर आणि श्रवण

मग अशा प्रवर्धकावर बास ऐकू येतो तरी कसा? उत्तम जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे आपल्या संगीतप्रेमी वाचकांना ठाऊकच आहे. प्रत्येक तारेच्या मूळ स्वरासोबत त्याचे अंशस्वर निनादत असतात. बासच्या ४१.२ हर्ट्झच्या स्वराबरोबर ८२.४, १२३.६ आणि १६४.८ हर्ट्झचे अंशस्वरही असतात. मूळ स्वर क्षीण असला, तरी या अंशस्वरांमधील समान अंतरावरून श्रवणयंत्रणा मूळ स्वराची जाणीव स्वतःच उभी करते. व्हॉल्व्हवर किंचित अधिक भार पडला की तो अंशस्वरांत भर घालतो. ढोल आणि गिटार यांच्या गर्दीत बासची तान स्पष्ट उमटते ती याच मधल्या पट्ट्यामुळे. मोटरहेड या इंग्रजी वाद्यवृंदाचे बासवादक लेमी किल्मिस्टर यांचा मार्शल प्रवर्धकावरील खरखरीत नाद हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

व्यवहार्य योजना

वरील विवेचनावरून श्रमविभागणीचे तत्त्व निघते : नादाचा पोत व्हॉल्व्ह-प्रवर्धकाने द्यावा, खर्जाचा भार दुसऱ्याने वाहावा.

बासची तार प्रथम डीआय बॉक्समध्ये घालावी. त्यातून एक जोडणी सभागृहाच्या साउंड सिस्टीमच्या मिक्सरला आणि दुसरी व्हॉल्व्ह-प्रवर्धकाला द्यावी. प्रवर्धकावरील बासचे बटण बरेच खाली ठेवावे. इक्वलायझर असल्यास त्याच्याकडे जाणारा सुमारे ७० हर्ट्झखालील भाग कमी करावा. मग त्याचा नाद मायक्रोफोनने उचलून मिक्सरमध्ये मिसळावा. दोन्ही मार्ग एकत्र केल्यावर खर्ज वाढण्याऐवजी घटल्यास एका मार्गाची ध्रुवता उलटवून पाहावी.

सरावाच्या खोलीत साउंड सिस्टीम नसल्यास बाहेरील बंद पेटीतील बासचा स्पीकर जोडता येतो. मात्र त्याचा ओहममधील रोध प्रवर्धकावर लिहिलेल्या अंकाशी जुळला पाहिजे. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह-प्रवर्धक कधीही वाजवू नये; तसे केल्यास उसळणाऱ्या दाबाने ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकरची जोडणी थेट मिक्सरमध्येही घालू नये. पडद्याची फडफड ऐकू येताच आवाज कमी करावा.

नागपुरातील विशेष दक्षता

अमेरिकेतील आप्तांकडून आलेला प्रवर्धक १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर थेट लावू नये. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर वापरावा. तथापि त्याने वारंवारता बदलत नाही. तेथील वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची. म्हणून वर सांगितलेल्या नियमानुसार आतील गाभ्यावर सुमारे २० टक्के अधिक चुंबकीय भार येतो. त्यामुळे प्रवर्धकावर ५०/६० हर्ट्झ असा निर्देश आहे ना, हे पाहूनच तो वापरावा.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून त्याचा रोध वाढतो. वादकाचा हात धातूच्या तारांवर असल्याने अर्थिंग ही येथे जीवरक्षणाची बाब ठरते. खड्ड्यात नियमित पाणी घालावे, अर्थिंग तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे आणि गुणगुण थांबविण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा. प्रवर्धकाला मोकळी हवा मिळावी, परंतु कूलरचे तुषार त्यावर येऊ नयेत. वीज बंद केल्यावरही आतील धारित्रांत ३०० व्होल्टहून अधिक प्राणघातक दाब राहू शकतो. त्यामुळे विद्यार्थ्यांनी तो उघडू नये.

शिवाय ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये शैक्षणिक संस्थांभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि अशा क्षेत्रातील दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. रंगमंचावरील लहान प्रवर्धक या दृष्टीनेही उपकारकच ठरतो.

निष्कर्ष

अल्पमोली गिटार-प्रवर्धकावर बास वाजविणे सर्वस्वी निषिद्ध नाही आणि सर्वस्वी निर्धोकही नाही. खर्ज आणि आवाज ही दोन्ही ओझी त्यावर एकाच वेळी लादली, तर तो मोडतो; अंशस्वरांचे काम दिले, तर तो उत्तम साथ करतो. महाविद्यालयापाशी मर्यादित निधी असेल, तर बासचा मोठा प्रवर्धक घेण्याआधी एक डीआय बॉक्स, एक मायक्रोफोन आणि निर्दोष अर्थिंग यांवर खर्च करणे अधिक श्रेयस्कर होय. साधनाअभावी बासवादक विद्यार्थ्याला वाद्यवृंदाबाहेर बसविण्याचे कारण मग उरत नाही.