एका शाळकरी मुलासाठी मोडलेला नियम

नियम अगदी स्पष्ट होता. मद्रासमधील, म्हणजे आजच्या चेन्नईतील लोयोला कॉलेजची बर्ट्रम टेनिस स्पर्धा फक्त कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी होती. पण खेळू इच्छिणारा मुलगा होता शाळेत. वय जेमतेम तेरा-चौदा. अशा मुलाला घ्यावे तरी कसे? लोयोलाच्या प्राचार्यांनी त्याला खास परवानगी दिली. मुलाने १९५१ साली आपल्याहून थोराड खेळाडूंना हरवून ती स्पर्धाच जिंकली!

तो मुलगा म्हणजे रामनाथन कृष्णन. त्याला टेनिसचे धडे दिले ते वडिलांनी, टी. के. रामनाथन यांनी. ते नागपूरचे नावाजलेले खेळाडू होते.

नुंगमबाक्कम भागातील लोयोला कॉलेज जेझुइट धर्मगुरूंनी १९२५ साली सुरू केले. संस्थापक फादर बर्ट्रम यांच्याच नावाने ही स्पर्धा भरते. अभ्यासात काटेकोर असलेल्या या कॉलेजने मैदानालाही तेवढाच मान दिला, हे विशेष.

प्राचार्यांचा विश्वास किती सार्थ होता, ते लवकरच दिसले. १९५४ मध्ये कृष्णनने विम्बल्डनचे कुमार गटाचे विजेतेपद मिळवले. हा मान मिळवणारा तो पहिला आशियाई. १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. १९६६ मध्ये कलकत्त्यात डेव्हिस चषकाच्या लढतीत ब्राझीलविरुद्ध २-२ अशी बरोबरी झाली होती. निर्णायक सामन्यात थॉमस कॉक दोन सेट जिंकून चौथ्या सेटमध्ये ५-२ असा पुढे होता. भारताच्या पराभवाला एकच गेम उरला होता. तेथून कृष्णनने सामना खेचून आणला आणि भारत प्रथमच अंतिम लढतीत पोहोचला.

लोयोलाची ही परंपरा पुढेही चालू राहिली. आनंद आणि विजय हे अमृतराज बंधू याच कॉलेजचे विद्यार्थी. १९७३ मध्ये विजयने विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९८८ मध्ये भारताचा पहिला बुद्धिबळ ग्रँडमास्टर झालेला विश्वनाथन आनंद बी.कॉम. झाला, तोही लोयोलामधूनच. पुढे तो पाच वेळा जगज्जेता ठरला.

अर्थात हे खेळाडू एकट्या कॉलेजने घडवले नाहीत. घरचे संस्कार, प्रशिक्षकांची मेहनत आणि त्यांची स्वतःची जिद्द त्यामागे होतीच. कॉलेजने केले ते एवढेच, की गुणी मुलाची वाट अडवली नाही.

आपल्याकडे दहावी-बारावी आली की मुलांची रॅकेट आणि बॅट माळ्यावर जाते. ‘आधी अभ्यास, मग खेळ’ हे घरोघरचे वाक्य. ते चूक नाही. पण ती ‘मग’ची वेळ बहुधा येतच नाही. नियम हवेतच. मात्र समोरच्या मुलाकडे पाहून नियम कधी बाजूला ठेवायचा, हे ओळखणारे एखादे वडीलधारे माणूसही हवे.