मूत्राशयाचे काम आणि त्यावरची औषधे

आजचा विषय चारचौघांत काढण्याचा नाही, असे आपण मानत आलो आहोत. दात दुखला तर माणूस गावभर सांगतो; पण लघवी आवरत नाही हे तो घरातही सांगत नाही. सोनाळ्याला सोनाजी महाराजांची यात्रा भरते. एखादे आजोबा "गुडघे धरले बुवा" म्हणून घरीच बसतात. गुडघे धड असतात. गर्दीत धोतर ओले होईल, ही खरी भीती. संग्रामपूरला एस.टी.ने जायचे म्हणून एखादी बाई सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. हा म्हातारपणाचा किंवा बाईच्या जातीचा भोग आहे, असे समजून दोघेही गप्प राहतात. तो भोग नाही. तो आजार आहे, आणि बहुतेकांना त्यात उतार पडू शकतो.

खारपाणपट्ट्यामुळे आपल्या भागात मूत्रपिंडांची चर्चा पुष्कळ होते. आज मात्र आपण त्यांच्या खालच्या पिशवीविषयी, म्हणजे मूत्राशयाविषयी बोलू. मूत्रपिंडे दिवसाकाठी साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. ती थेंबाथेंबाने या पिशवीत उतरते. पिशवीची भिंत स्नायूची असते आणि तोंडाशी दोन झडपा असतात. आतली झडप आपल्या हुकमात नाही, बाहेरची आहे. पिशवी भरत असताना भिंत सैल आणि झडपा बंद राहतात. दीडशे ते दोनशे मिलिलिटर लघवी साठली, की पाठीच्या कण्यातून मेंदूकडे पहिली वर्दी जाते. मेंदू म्हणतो, "थांब, अजून जागा आहे." मोठ्या माणसाची पिशवी चारशे-पाचशे मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच पेले सहज धरते. पुढे योग्य जागा मिळाली, की मेंदू परवानगी देतो. मज्जातंतूंच्या टोकांशी असिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते, भिंत आवळते, झडपा उघडतात. तान्ह्या बाळाच्या मेंदूला हे "थांब" म्हणणे अजून साधलेले नसते, इतकेच.

आता बिघाड कसे होतात ते पाहू. मुख्य बिघाड तीन.

पहिला, भिंतीचा उतावळेपणा. पिशवी पुरती भरण्याआधीच ती आवळू लागते. घाई होते, वाटेतच कपडे भिजतात. यावरची औषधे समजायला आपल्या बांधावरचा धोतरा आठवा. धोतरा पोटात गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, बुबुळे मोठी होतात, तो भ्रमिष्टासारखा बरळतो आणि त्याची लघवी अडते. धोतऱ्यातील अट्रोपीनसारखी द्रव्ये असिटिलकोलीनची वाट अडवतात, म्हणून हे होते. ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडीन, सोलिफेनासिन या गोळ्या हीच वाट अडवतात, पण मोजून-मापून. म्हणून त्यांनीही तोंड सुकते, मलावरोध होतो, नजर अंधुक होते. म्हाताऱ्या माणसाला कधी भ्रमही होतो. काही प्रकारच्या काचबिंदूत त्या चालत नाहीत. धोतरा मात्र विषच आहे. घरगुती औषध म्हणून कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये. मिराबेग्रॉन हे औषध 2011 साली प्रथम जपानमध्ये मान्य झाले. ते दुसऱ्या वाटेने भिंत सैल ठेवते. त्याने तोंड फारसे सुकत नाही, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

दुसरा बिघाड, वाट अरुंद होण्याचा. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते. धार बारीक होते, पिशवी रिकामी होत नाही, आणि मग तुंबलेली लघवी थेंबथेंब गळते. टॅम्सुलोसिनसारखी गोळी पिशवीच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल करते. ती घेणाऱ्याने अंथरुणातून सावकाश उठावे. चक्कर येऊ शकते.

इथेच खरी मेख आहे. दोघांचीही तक्रार एकच, "लघवी गळते." पण एकाची भिंत शांत करायची असते, दुसऱ्याची वाट मोकळी करायची असते. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी आपण घेतली, तर गळणे दूरच, लघवी पार अडून बसू शकते. प्रोस्टेटच्या रोग्याची लघवी सर्दीच्या काही गोळ्यांनीसुद्धा अडते.

तिसरा बिघाड, झडप ढिली पडण्याचा. बाळंतपणांनंतर खोकताना, शिंकताना, ओझे उचलताना लघवी सुटते. इथे गोळ्यांचा उपयोग थोडा, व्यायामाचा मोठा. केगेल या अमेरिकन डॉक्टराने तो 1948 साली पुढे मांडला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच पाच-दहा सेकंद आवळायचे आणि सैल सोडायचे. रोज तीन वेळा, दर वेळी दहादा. गुण यायला तीन महिने तरी धीर धरावा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस टिपण ठेवा: पाणी किती प्यालो, लघवीला केव्हा गेलो, केव्हा गळली. चहा कमी करा. पाणी तोडू नका. लघवीची आणि साखरेची तपासणी आधी करून घ्या, कारण जंतुदोष आणि मधुमेह हेही कारण असते. लघवीत रक्त आले, ताप आला, लघवी एकदम बंद झाली किंवा पायांतले बळ गेले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. वर्गात मुलाने बोट वर केले, तर त्याला जाऊ द्या. पाच वर्षांनंतरही अंथरूण ओले करणारी मुले पुष्कळ असतात. ती हट्टी किंवा आळशी नसतात, बहुतेक वाढत्या वयाबरोबर सुधारतात. गरज पडली तर त्यांच्यासाठीही डॉक्टरांकडे औषध आहे. माराने मात्र मेंदूचे "थांब" कोणी शिकत नाही. आणि घरचे आजोबा यात्रेला यायला नको म्हणाले, तर गुडघ्यांची चौकशी करून थांबू नका. जवळ बसून हळूच पुढचेही विचारा.