कॉम्प्युटर चालू होतोय, पण मॉनिटरवर काहीच दिसत नाही? दुकानात नेण्याआधी हे तपासा



बटण दाबलं, पंखा फिरला, कॅबिनेटवरचा दिवाही लागला, पण मॉनिटर काळाच्या काळा. फार तर ‘नो सिग्नल’ अशी पाटी येते आणि थोड्या वेळात तीही गायब होते. मोबाईलवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे जास्त गोंधळात टाकतं, कारण मोबाईलमध्ये स्क्रीन आणि फोन एकच असतो. डेस्कटॉपमध्ये मात्र मॉनिटर वेगळा, कॅबिनेट वेगळं आणि मध्ये एक वायर. बिघाड या तिन्हींपैकी कुठेही असू शकतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीच्या घरी हेच झालं. कॉलेजचा प्रोजेक्ट त्याच कॉम्प्युटरमध्ये आणि जमा करायला चार दिवस उरलेले. काकांनी कॅबिनेट उचलून जवळच्या एका दुकानात नेलं. तिथे सांगितलं, “विंडोज मारावी लागेल. हार्ड डिस्क फॉरमॅट होईल, डेटा जाईल.” तिने रडकुंडीला येऊन मला फोन केला. मी एकच विचारलं, “चालू केल्यावर कंपनीचा लोगो तरी दिसतो का?” “नाही रे दादा, काहीच नाही.” मग म्हटलं, कॅबिनेट घरी आणा आणि विंडोजला कुणाला हात लावू देऊ नका.

असं का म्हणालो?

कॉम्प्युटर चालू केला की विंडोज लगेच येत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस जागा होतो. तो प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तपासतो, मग स्क्रीनवर लोगो दाखवतो आणि त्यानंतर हार्ड डिस्ककडे वळून विंडोज शोधतो. म्हणजे लोगो दिसण्यासाठी सहसा हार्ड डिस्कची गरजच नसते. डिस्क काढून ठेवली तरी लोगो येतो आणि नंतर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा मेसेज येतो.

त्यामुळे लोगोसुद्धा येत नसेल, तर पहिला संशय विंडोजवर घ्यायचा नाही. फॉरमॅट करून फायदा काहीच नाही, उलट चांगला डेटा हातचा जाईल.

आधी ठरवा, मॉनिटर की कॅबिनेट

मॉनिटरचं पॉवर बटण चालू आहे का, दिवा लागलाय का, हे पाहा. हसू नका, पुसताना ते बटण दाबलं जातं आणि माणसं कॅबिनेट घेऊन दुकान गाठतात. मग मॉनिटरची पॉवर चालू ठेवून चित्राची वायर काढा. बहुतेक मॉनिटर लगेच ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक केबल’ असं काहीतरी दाखवतात. दाखवलं तर पडदा जिवंत आहे. काहीच नाही दाखवलं, तर खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च तिरका धरा आणि कॅबिनेट जोडून पाहा. अंधुक चित्र दिसलं तर मॉनिटरची बॅकलाईट गेलीय, कॅबिनेट ठीक आहे.

घरात टीव्ही असेल तर काम आणखी सोपं. कॅबिनेट एचडीएमआय वायरने टीव्हीला लावा आणि रिमोटने सोर्स बदला. टीव्हीवर चित्र आलं तर दोष मॉनिटरचा, त्याच्या वायरचा किंवा सेटिंगचा. मॉनिटरलाही असाच सोर्स असतो. वायर एचडीएमआयला आणि मॉनिटर व्हीजीएवर सेट असेल तर तो तसाच काळा राहतो. मॉनिटरच्या बटणांमधून इनपुट बदलून बघा.

कॅबिनेट एचडीएमआयचं आणि मॉनिटर जुना व्हीजीएचा असेल, तर मध्ये कन्व्हर्टर लावलेला असतो. हे दोन सिग्नल वेगळ्या प्रकारचे असल्यामुळे नुसती वायर चालत नाही. तो छोटा कन्व्हर्टरही बिघडतो, त्यामुळे त्याच्यावरही संशय घ्या.

वायर बरोबर भोकात आहे ना?

हा प्रकार सेकंड हँड किंवा नवीन गेमिंग पीसी घेणाऱ्यांमध्ये फार दिसतो. कॅबिनेटच्या मागे दोन ठिकाणी एचडीएमआय पोर्ट असू शकतात. वरचा, यूएसबीच्या शेजारचा, मदरबोर्डचा असतो. खालचा आडव्या पट्टीतला ग्राफिक्स कार्डचा. कार्ड बसवलेलं असेल तर वायर कार्डलाच लावायची, कारण अशा वेळी मदरबोर्डचा पोर्ट बऱ्याचदा बंद असतो.

त्यातही प्रोसेसरचं नाव बघा. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ असतं, उदाहरणार्थ आय ५ १२४०० एफ, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतंच. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नाही, पण ५६०० जी मध्ये आहे. ग्राफिक्स नसलेल्या प्रोसेसरचं कार्ड काढून मदरबोर्डला वायर लावली, तर कधीच चित्र येणार नाही. मशीन बिघडलेलं नसतं, त्याच्याकडे चित्र काढायला कुणी नसतं एवढंच.

कीबोर्डवरची खूण

चालू करून दोनेक मिनिटं थांबा आणि कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो आणि विझतो का? तसं होत असेल तर कॉम्प्युटर बहुधा आतून चालू झालाय, फक्त चित्र बाहेर येत नाहीये. मॉनिटर, वायर, ग्राफिक्स कार्ड याच रांगेत शोधा. दिवा हलतच नसेल तर तो सुरुवातीच्या तपासणीतच अडकलाय, आणि तिथे सगळ्यात जास्त वेळा सापडते ती रॅम.

रॅम काढून परत लावणं

यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही, पण घाई नको. भिंतीवरचं बटण बंद करून कॅबिनेटची पॉवर वायर काढा. मग कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डाव्या बाजूचं झाकण उघडा आणि काहीही हलवण्याआधी मोबाईलने दोन-तीन फोटो काढा. परत जोडताना हेच फोटो कामाला येतात. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, त्याने अंगातली स्थिर वीज जाते. स्वेटर घालून किंवा गालिच्यावर बसून हे काम करू नका.

रॅमच्या टोकाच्या चिमट्या उघडा आणि पट्टी सरळ वर काढा. खालच्या सोनेरी दातांवर धूळ आणि दमट हवेने कळकट थर बसतो, कोकणात आणि मुंबईत तर विचारूच नका. पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा. जोरात घासू नका, सोन्याचा मुलामा पातळ असतो. रबराचा भुगा ब्रशने पूर्ण काढा, तो स्लॉटमध्ये पडला तर नवीनच दुखणं. मग पट्टीची खाच स्लॉटच्या खाचेवर जुळवून दोन्ही टोकांना दाबा. ‘कट्ट’ असा आवाज आला पाहिजे. अर्धवट बसलेली रॅम दिसायला व्यवस्थित दिसते, पण चालत नाही.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. चार स्लॉटच्या बोर्डवर एकच पट्टी लावायची असेल तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट वापरायचा असतो.

बहिणीला हे सगळं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. दुसऱ्या प्रयत्नात लोगो आला. पहिल्या वेळी एका बाजूची चिमटी बसलीच नव्हती.

रॅम झाली, तरी अंधारच

नवीन मदरबोर्डवर कोपऱ्यात सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात. जो लागून राहतो, तिथे अडकलंय असं समजा. जुन्या बोर्डवर बीप ऐका. त्यांचा अर्थ बायोसप्रमाणे बदलतो, त्यामुळे आपल्या मॉडेलचं मॅन्युअल मोबाईलवर उघडा.

प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनची पॉवर वायर निघाली असेल तर पंखे छान फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. पंखा फिरतोय म्हणजे सगळं ठीक, हा समज इथेच फसवतो. ग्राफिक्स कार्डला वेगळी पॉवर लागत असेल तर तीही तपासा.

शेवटचा उपाय म्हणजे बायोस रिसेट. पॉवर वायर काढून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, बहुधा सीआर २०३२, पाच-दहा मिनिटं काढून ठेवा आणि परत लावा. त्यानंतर तारीख चुकते, ती नीट करा, नाहीतर वेबसाइट उघडताना सुरक्षेचे इशारे येत राहतील. ज्यांच्या विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे त्यांना काही वेळा रिकव्हरी की विचारली जाते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असू शकते, म्हणून सेल काढण्याआधीच मोबाईलवर लॉगिन करून बघून ठेवा.

डीडीआर ५ रॅमचा नवीन पीसी असेल तर रिसेटनंतर पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. तो रॅमची जुळवणी करत असतो. घाबरून मध्येच बंद करू नका.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज राहू शकते.

लोगो दिसतो, मग काळं होतं?

मग गोष्ट वेगळी. इथे विंडोज किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा संशय घ्यायला हरकत नाही. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर रिसेट होतो. नाही जमलं तर विंडोज सुरू होताना दोन-तीनदा पॉवर बटण धरून बंद करा. पुढच्या वेळी दुरुस्तीचा मेनू येतो, तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं. फॉरमॅटचा विषय त्याच्याही नंतरचा.

दुकानात जावंच लागलं तर

काय काय करून पाहिलं ते सांगा. “डिस्प्ले येत नाही” यापेक्षा “टीव्हीवरही चित्र नाही, रॅम बदलून पाहिली, डीरॅमचा दिवा लागून राहतो” असं म्हटलं की समोरचाही नीट ऐकतो. मदरबोर्ड गेलाय असं कुणी म्हणालं तर दुसरी चालू रॅम आणि दुसरा एसएमपीएस लावून पाहिला का, हे विचारा. आणि डेटा महत्त्वाचा असेल तर हार्ड डिस्क काढून घरीच ठेवा. डिस्प्लेचा दोष शोधायला ती त्यांना लागत नाही.