गाडी कोण चालवत होतं?

मोटार विम्याच्या क्लेम फॉर्मवर एक रकाना असतो: अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं? त्याखाली चालकाचं नाव, लायसन्स नंबर, लायसन्सचा प्रकार, मालकाशी नातं. पुढचा बंपर लोंबत असतो, अठरा वर्षांची लेक मान खाली घालून बाजूला उभी असते आणि गॅरेजवाला आपुलकीने सुचवतो, ‘‘साहेब, तुमचंच नाव टाका. पोरीचं लर्निंग आहे, उगाच कटकट नको.’’ साहेब स्वतःचं नाव टाकतात.

गंमत अशी की बहुतेक वेळा हे खोटं लिहायची गरजच नसते. लर्निंग लायसन्सवर गाडी चालवणाऱ्याला आपल्याकडची खासगी कारची पॉलिसी सामावून घेते, आणि तेही जादा हप्ता न घेता. पॉलिसीच्या पानांत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. त्यात लिहिलेलं असतं की ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे अशी कोणीही व्यक्ती ही गाडी चालवू शकते. आणि वैध लर्निंग लायसन्स असलेली व्यक्तीही चालवू शकते, मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ३ च्या अटी पाळल्या असतील तर. सगळी मेख त्या शेवटच्या अर्ध्या वाक्यात आहे. लेकीचं खरं नाव लिहून जो क्लेम सुरळीत मिळाला असता, तो वडिलांचं नाव लिहून बुडतो. सोसायटीच्या गेटवर कॅमेरा असतो, समोरच्या रिक्षावाल्याने मोबाइलवर शूटिंग केलेलं असतं, पोलीस आले असतील तर त्यांच्या कागदावर वेगळंच नाव असतं. सर्वेअरला यातलं एक पुरतं. खोटी माहिती दिली एवढ्या कारणावर कंपनी हात वर करते आणि तिचं म्हणणं चूकही नसतं.

परदेशातल्या नातेवाइकांशी बोललं की हा गोंधळ आणखी वाढतो. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी कार शिकता येते, पण शिकाऊ मुलाचं नाव आईवडिलांच्या पॉलिसीत घालावं लागतं किंवा त्याच्यासाठी काही दिवसांची, काही महिन्यांची वेगळी पॉलिसी काढावी लागते. मुख्य चालक मुलगा असताना हप्ता वाचवायला आईचं नाव दिलं, तर तिथे ती सरळ फसवणूक ठरते. न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी परमिट मिळतं, नवशिक्या मुलांच्या नंबरप्लेटवर २०१० पासून लाल चिकटपट्टी लावावी लागते, आणि घरात पोरगं चालवायला लागलं की विम्याचं बिल किती फुगलं हा तिथल्या मराठी घरांत हमखास निघणारा विषय आहे. हे ऐकून इथले काका एजंटला फोन करतात, ‘‘मुलाचं नाव पॉलिसीत ॲड करायचंय.’’ एजंट म्हणतो, ‘‘काही गरज नाही, काका.’’ तो चुकत नाही, पण अर्धंच सांगतो.

आपल्याकडे विमा गाडीला चिकटलेला असतो, माणसाला नाही. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, वर जीएसटी. स्टिअरिंगवर पन्नाशीचे प्राध्यापक आहेत की कालच बारावी झालेला मुलगा, याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा हप्ता मुख्यतः गाडीची किंमत, तिचं वय, इंजिन आणि गाव यांवर बसतो. म्हणजे शिकाऊ चालकासाठी व्यवस्था करायची ती कंपनीकडे कमी आणि गाडीत जास्त.

आता तो नियम ३. त्यात तीन गोष्टी आहेत. शिकणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचं चालू मुदतीचं लर्निंग लायसन्स हवं. गिअर नसलेल्या दुचाकीसाठी काढलेलं लर्निंग कारला चालत नाही, आणि कारचं वय अठरा. (सोळाव्या वर्षी कायदा फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी देतो. क्लासला जाणारी पोरं ज्या ११० सीसीच्या स्कूटरवर दिसतात ती त्यात बसत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही.) दुसरी गोष्ट, शेजारी वैध लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली हवी, आणि ती अशा जागी हवी की तिला गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता येईल. घरच्या गाडीत अशी जागा एकच, पुढची डावी सीट, जिथून हँडब्रेक हाताला लागतो. आई मागच्या सीटवरून ‘हळू, हळू’ म्हणते, ते या नियमात धरलं जात नाही. तिसरी गोष्ट ‘एल’. पुढे आणि मागे, दोन्हीकडे, पांढऱ्या पाटीवर लाल अक्षर. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. मागच्या काचेवर लाल टेपच्या दोन पट्ट्या मारून काढलेला एल रस्त्यात जागोजागी दिसतो. मागे पांढरं नाही, पुढे काहीच नाही. सिग्नलवर हवालदार तो चालवून घेईलही, पण क्लेमच्या वेळी गाडीचे फोटो निघतात.

शेजारी बसणाऱ्याचं स्वतःचं लायसन्स आधी बघून घ्या, हे मी मुद्दाम सांगतो. जुन्या कायद्याप्रमाणे लायसन्स वीस वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर मिळायचं. ज्यांची मुलं आज अठराची होतायत ते बाप नेमके पन्नाशीच्या आसपास आहेत. पाकिटातलं कार्ड काढून त्यावरची तारीख कितीजणांनी बघितलेली असते? बापाचं लायसन्स संपलेलं असेल तर मुलाच्या शेजारी बसलेला तो नियमाच्या हिशेबात प्रवासी असतो, आणि मुलगा एकटा.

मुलगा एकटाच निघाला आणि कुणाला उडवलं, तर काय होतं? जखमी माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई मिळण्याचा मार्ग बहुधा खुला राहतो. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लर्निंग लायसन्सवाला हाही लायसन्सधारकच, तेवढ्या एका कारणावर विमा कंपनीला तिऱ्हाइताची भरपाई टाळता येणार नाही. अटींचा भंग झाला असेल तर न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नसते, ही रक्कम कित्येक लाखांत जाते, आणि मालक म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव आहे तो. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे तर विसराच.

अठराच्या आतल्या मुलाच्या हाती गाडी देण्याचा प्रश्न विम्याच्या पलीकडे जातो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण अभियंते गेले आणि चालवणारा सतरा वर्षांचा होता असा आरोप झाला, तेव्हा मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ एकदम घराघरांत पोचलं. ते कलम २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं आहे: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लर्निंग नाही.

पण नियम पाळणाऱ्या घरातही एक भोक राहतं, आणि एजंटने न सांगितलेलं अर्धं ते हेच. रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, मुलगी चालवतेय आणि वडील शेजारी. गाडी दुभाजकावर आदळली. बाहेरच्या कुणाला लागलं तर थर्ड पार्टी आहे. गाडीला ओन डॅमेज आहे. वडिलांना पॉलिसीतलं १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे. ते मालक-चालकाला मिळतं, आणि मालक शेजारच्या सीटवर सहचालक म्हणून बसला असेल तरीही लागू होतं. स्टिअरिंगवरच्या मुलीला काय? ती तिऱ्हाईत नाही, कारण मालकाची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असं न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे. ती मालकही नाही, म्हणून ते १५ लाख तिचे नाहीत. जादा हप्ता भरून प्रवाशांसाठी अपघात संरक्षण घेतलेलं असलं तरी चालवणारी व्यक्ती त्यात धरली जाईलच अशी खात्री नाही. गाडीत सगळ्यात जास्त धोका तिचा, आणि कागदावर तिच्या वाट्याला जवळजवळ काहीच नाही.

यावर उपाय आहे. मोटार पॉलिसीतच तिचं नाव घालून अपघात संरक्षण घेता येतं, पण त्याची रक्कम तुटपुंजी असते. त्यापेक्षा तिच्या नावाची स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढावी आणि घरच्या आरोग्य विम्यात तिचं नाव अजून आहे ना ते बघावं. अपघात पॉलिसी काढताना ‘लर्निंग लायसन्सवर चालवताना झालेला अपघात धरता का?’ हा प्रश्न ईमेलवर विचारावा आणि उत्तर जपून ठेवावं. फोनवरच्या ‘हो सर’ला पुढे कुणी ओळख देत नाही. अठराव्या वाढदिवसाला गाडी थेट मुलाच्या नावावर घेणारेही असतात. तसं करू नये. मालक-चालकाच्या संरक्षणाला वैध ड्रायव्हिंग लायसन्स लागतं आणि कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स व लर्निंग लायसन्स यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. वाद कशाला ओढवून घ्यायचा? पक्कं लायसन्स येईपर्यंत गाडी आईच्या किंवा वडिलांच्या नावावर बरी.

आता थोडं पैशाचं. शिकाऊ हात काय फोडतात ते ठरलेलं आहे: बंपर, आरसा, पुढचे दिवे, डावा दरवाजा. यातले बंपर आणि दिव्यांचे बरेचसे भाग प्लास्टिकचे, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर गाडी कोरी असली तरी निम्मी रक्कम घसारा म्हणून कापतात. म्हणून शिकण्याच्या वर्षात ‘झिरो डेप’, म्हणजे हा घसारा न कापणारं जादा संरक्षण घ्यावं, पुढच्या वर्षी वाटलं तर सोडावं. गाडी जुनी असेल तर कंपनी ते देईलच असं नाही. क्लचप्लेट जळाली तर ती झीज, विमा नाही. नुसता टायर फाटला, तरी नाही. स्पीडब्रेकरवर खालून ठोक बसून ऑइल गळत असताना ‘घरी जाऊन बघू’ म्हणत गाडी तशीच चालवली आणि इंजिन बसलं, तर ते वाढीव नुकसान तुमचं.

आणि प्रत्येक ओरखड्याचा क्लेम करू नये. समजा पाच वर्षं क्लेम नाही, म्हणून ओन डॅमेजवर ५० टक्के नो क्लेम बोनस आहे आणि बोनसआधीचा हप्ता १० हजार आहे. एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो. मग वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि पुन्हा ५०. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं तरी या चढणीत एकूण साडेबारा हजार जादा जातात. वर प्रत्येक क्लेममध्ये पहिले हजार रुपये (१५०० सीसीच्या वरच्या गाडीला दोन हजार) तुमचेच. चार हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी क्लेम टाकणारे लोक एजंटकडून हा हिशेब कधी करून घेत नाहीत. शेजाऱ्याच्या उभ्या गाडीला घासलं तर तिथल्या तिथे खिशातून देऊन मिटवणं बहुतेकदा स्वस्त पडतं. कुणी माणूस दुखावला असेल तर मात्र आपसांत मिटवणं नाही. त्याला दवाखान्यात नेणं, पोलिसांना कळवणं आणि कंपनीला कळवणं, याच क्रमाने.

राहता राहिल्या तारखा. लर्निंग सहा महिन्यांचं, आणि पक्क्याची परीक्षा ते मिळाल्यापासून तीस दिवसांनंतरच देता येते. मुलं मे-जूनमध्ये लर्निंग काढतात, मग कॉलेज सुरू होतं, पाऊस, सेमिस्टर, गणपती, आणि एक दिवस लक्षात येतं की मुदत संपली. आरटीओच्या ट्रॅकची तारीख त्याच दिवशी मिळेल असं नाही, म्हणून ती दोन महिने आधी घेऊन ठेवा. संपलंच तर नवीन लर्निंग काढता येतं, त्यात मोठं काही नाही. मात्र जुनं संपल्यापासून नवं मिळेपर्यंत मुलाने गाडीला हात लावायचा नाही, अगदी सोसायटीच्या आवारात पार्किंग बदलायलासुद्धा. थर्ड पार्टीची कायदेशीर सक्ती सार्वजनिक जागेपुरती असली, तरी पॉलिसीतली चालकाची अट गेटच्या आतही तेवढीच लागू असते.