जैवउत्पादनाचे कारखाने आणि वंचितांची मुले

लस, इन्सुलिन यांसारखी औषधे जिवंत पेशींच्या साहाय्याने तयार करण्याच्या उद्योगास जैवउत्पादन म्हणतात. तेथे केवळ शास्त्रज्ञ लागत नाहीत; उपकरणे निर्जंतुक करणारे, तापमानावर लक्ष ठेवणारे, प्रत्येक पायरीची नोंद करणारे प्रशिक्षित कामगारही लागतात. या कामात शुद्धता जन्मावर नव्हे, तर नियमपालनावर ठरते. म्हणून आम्हांस हा उद्योग वंचित समाजासाठी मोलाचा वाटतो. मात्र कारखाना जवळ आला म्हणजे आपल्या मुलांना काम मिळतेच, असे नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याचे उदाहरण अभ्यासनीय आहे. तंबाखू व कापडगिरण्यांवर जगणाऱ्या या राज्यात ते उद्योग ओसरले. तंबाखू कंपन्यांशी १९९८ मध्ये झालेल्या तडजोडीच्या पैशातून ‘गोल्डन लीफ’ ही संस्था उभी राहिली. तिने २००३ मध्ये सुमारे ६ कोटी डॉलर जैवउत्पादनाच्या प्रशिक्षणास दिले. विद्यापीठे, सामुदायिक महाविद्यालये आणि उद्योजक यांनी हे काम मिळून उभारले. तेथील ‘बायोवर्क’ या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमास पदवीची अट नाही. शालेय शिक्षण पुरते.

पुढे २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुमारे २.५ कोटी डॉलर मंजूर केले. या वेळी कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक विद्यापीठेही भागीदार झाली. १ फेब्रुवारी १९६० रोजी ज्या विद्यापीठाचे चार विद्यार्थी ग्रीन्सबरोच्या गोऱ्यांपुरत्या राखीव उपाहारकक्षात ठाण मांडून बसले, ते त्यांपैकीच एक. आदिवासी समाजाचे शिक्षक घडविण्यासाठी १८८७ मध्ये स्थापन झालेली पेम्ब्रोकची शाळा आज विद्यापीठ आहे. तेही यात सहभागी आहे. समाजाचा ज्या संस्थांवर विश्वास, त्यांच्यामार्फतच संधीची वार्ता घरोघरी पोहोचते, हे यामागील मर्म होय.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य नमूद केले होते. त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. उच्च शिक्षणाचा हा आग्रह विसरता कामा नये. अल्पमुदतीचे प्रमाणपत्र ही पहिली पायरी ठरावी, शेवटची नव्हे. अन्यथा नव्या कारखान्यात जुनीच उतरंड उभी राहील.

लसनिर्मितीची मोठी केंद्रे मुंबई-पुण्यात आहेत. आपल्या वसतिगृहातील मुलगी तेथे यंत्रापाशी उभी राहावी आणि पुढे प्रयोगशाळेची प्रमुखही व्हावी, यासाठी शाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व कारखाने यांना एकत्र बसविण्याचे काम माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.